'डोळ्याचे जनुक' म्हणावे का?

१९९५ साली हाल्डर, कॅलर्ट्स आणि गेरिंग यांचा एक शोधनिबंध 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या अळीत 'आयलेस' हे जनुक त्यांनी भलत्याच ठिकाणी कार्यरत केले, तेव्हा माशीच्या पायांवर, पंखांवर आणि शृंगिकांवर डोळे उगवले. उंदरातील त्याच्याशी जुळणारे पॅक्स-६ हे जनुक वापरले तरी तेच घडले. लेखकांनी त्याला डोळ्याच्या घडणीचे 'मुख्य नियंत्रक जनुक' म्हटले.

प्रयोग अव्वल दर्जाचा आहे. आक्षेप आहे तो या नावावर. उंदराच्या जनुकामुळे उगवलेला डोळा उंदराचा नव्हता, तो माशीचाच संयुक्त डोळा होता. म्हणजे डोळ्याचा आराखडा त्या जनुकात नव्हता. त्याचे प्रथिन डीएनएच्या ठरावीक जागी चिकटून इतर जनुके चालू किंवा बंद करते. कोणती, हे त्या पेशीत आधीपासून काय उपलब्ध आहे यावर ठरते. म्हणूनच स्वादुपिंडात आणि मेंदूतही पॅक्स-६ काम करते, पण तिथे डोळे उगवत नाहीत. पुढे १९९७ मध्ये 'आईज ॲबसेंट' आणि 'डॅक्सहुंड' ही जनुकेही माशीत जादा डोळे घडवू शकतात असे दिसले. शिवाय ती उलट 'आयलेस'लाही चालू करतात. मग यांतला साहेब कोण आणि कारकून कोण?

दृष्टिपटलाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्यातल्या सात प्रमुख प्रकारच्या पेशी एकाच प्रकारच्या पूर्वज पेशींपासून तयार होतात. २००१ मध्ये उंदराचे दृष्टिपटल घडत असताना त्यातून पॅक्स-६ काढून टाकण्यात आले. दृष्टिपटल नाहीसे झाले नाही. पूर्वज पेशींपासून फक्त अमॅक्राइन पेशी तयार झाल्या. म्हणजे या टप्प्यावर पॅक्स-६ चे काम पूर्वज पेशींपुढे अनेक वाटा खुल्या ठेवण्याचे असते. त्याच वर्षी असेही आढळले की एनआरएल हे जनुक नसेल तर दंडपेशी होतच नाहीत, त्यांच्या जागी शंकुपेशींसारख्या पेशी होतात.

हा शब्दांचा कीस नव्हे. 'डोळ्याचे जनुक' ऐकलेला विद्यार्थी 'बुद्धीचे जनुक', 'गुन्हेगारीचे जनुक' हेही सहज मान्य करतो. माणसात पॅक्स-६ ची एक प्रत सदोष असली की बहुधा बुबुळातील रंगीत पडदा नीट घडत नाही. पण एकाच कुटुंबात, तोच दोष असूनही, त्याची तीव्रता वेगवेगळी असते. अशा मुलाच्या पालकांना नुसते जनुकाचे नाव सांगून भागत नाही.

तेव्हा हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. मात्र नाव सांगण्याआधी मुलांना विचारावे: जनुक उंदराचे होते, मग डोळा माशीचा का झाला?