फडाची उचल आणि आपले दान

तमाशावर मराठीत दोन प्रकारचे लेखन आढळते. एक गौरवाचे आणि दुसरे हळहळीचे. गौरवात ढोलकी, घुंगरू आणि ‘महाराष्ट्राची लोककला’ असते. हळहळीत म्हातारपणी औषधाला महाग झालेला कलावंत असतो. फड चालतो कसा, पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे, हे सांगणारे लेखन मात्र क्वचितच वाचायला मिळते. लोककलेला मदत करण्याची आपली रीत चुकते ती याच अज्ञानामुळे, असे आम्हांला वाटते.

जुन्नर तालुक्यातले ओतूर घ्या. मांडवी नदीकाठचे हे गाव तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीमुळे आणि कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेमुळे सर्वांना ठाऊक आहे. अनिल अवचट (1944–2022) यांचे हे जन्मगाव. हमाल, विडी कामगार यांच्याविषयी लिहिताना अवचटांनी दयेचा सूर लावला नाही. माणसाचे पोट कशावर चालते आणि ते कुठे मारले जाते, हे त्यांनी आधी पाहिले. त्यांच्याच तालुक्यातल्या तमाशाकडे पाहायला तीच नजर हवी.

तमाशाची पंढरी म्हटले जाणारे नारायणगाव याच तालुक्यात आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी येतात, घासाघीस करतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. हा पैसा बहुधा गावच्या वर्गणीचा असतो. त्या वर्गणीत मुसलमानांची घरेही असतात. पीरबाबाच्या उरुसाला रात्री तमाशा ठेवणारी गावे महाराष्ट्रात कमी नाहीत, आणि तिथे हिंदूंची घरे वर्गणी देतात. आमच्या मते लोककलेला मिळणारे हे सर्वांत निकोप दान आहे. देणारा उपकार करीत नाही, तो खेळ पाहतो. घेणारा हात पसरत नाही, तो खेळ करतो.

पण हे दान हंगामापुरते असते. ढोलकीफडाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पावसाळ्यात फड बंद. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. त्यांना दसऱ्याआधी उचल द्यावी लागते. गाड्या, तंबू, जनरेटर दुरुस्त करावे लागतात. म्हणजे ओतूरला श्रावणी सोमवारची गर्दी उसळते, त्याच दिवसांत फडमालक सावकाराचा उंबरा झिजवत असतो. पुढे हंगामाची कमाई व्याजात जाते. 2020 साली तर गुढीपाडवा आणि देशभरची टाळेबंदी एकाच दिवशी, 25 मार्चला आली. यात्रा बंद, सुपाऱ्या बुडाल्या, पुढच्या वर्षीही तेच झाले. कर्ज मात्र थांबले नाही.

आता आपण मदत केव्हा करतो ते पाहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) यांनी आयुष्यभर फड गाजवला. राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. अखेरच्या दिवसांत मात्र त्या विपन्नावस्थेत होत्या, आणि रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. 2006 पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, हे योग्यच आहे. त्या देणगीदारांनाही आम्ही नावे ठेवत नाही. परंतु समाजाची थैली कलावंत खाटेला खिळल्यावरच सुटत असेल, तर ती कलेला केलेली मदत नव्हे. ते कलेचे उत्तरकार्य आहे.

बाहेर काही ठिकाणी हा विचार उलट बाजूने झाला आहे. कॅनडात टोरांटोला 1982 साली तिथल्या मूळनिवासींची ‘नेटिव्ह अर्थ परफॉर्मिंग आर्ट्स’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. ती धर्मादाय संस्था म्हणून काम करते. तिने 1986 साली टॉमसन हायवे यांचे ‘द रेझ सिस्टर्स’ रंगमंचावर आणले आणि ते नाटक देशभर गाजले. तिथल्या देणगीतून नवे नाटक लिहिले जाते, बसवले जाते. आपल्याकडे शालीला आणि हाराला पैसा निघतो. नवा वग लिहिणाऱ्याला कोण देतो?

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेला तमाशाचा पैसा डॉ. आंबेडकरांनी नाकारला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पवळेसारख्या स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. शैलजा पाईक यांनी 2022 साली आलेल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या जातीय शोषणाची कठोर चिकित्सा केली आहे. तेव्हा ‘लोककला जगली पाहिजे’ एवढे म्हणून भागत नाही. नाचणारीच्या हातात काय पडते, तिची मुलगी शाळेत जाते की नाही, हे न विचारता फडाला दिलेले दान त्या शोषणालाच बळ देईल.

मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठांवरून जेजुरीच्या सगनभाऊंचे नाव अभिमानाने घेतले जाते. शिकलगारी करणाऱ्या या मुसलमान शाहिराने मराठी लावणीला मोठे देणे दिले. शाहीर अमर शेख यांचेही नाव निघते. पण वारसा नावे घेऊन टिकत नाही. त्यासाठी काही द्यावे लागते, आणि कसे द्यावे हे आपल्या परंपरेत सांगितलेले आहे. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. त्यांत गरीब आहे आणि कर्जात बुडालेलाही आहे. गाणे-नाचणे जायज की नाजायज, याचा वाद उलेमांनी करावा. उपाशी माणसाची भूक त्या वादाच्या निकालापर्यंत थांबत नाही. आणि फडाला खरी गरज आहे ती खैरातीची नव्हे, कर्जे-हसनाची, म्हणजे बिनव्याजी उसनवारीची.

आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या बैतुलमालांनी आणि वर्गणी जमवणाऱ्या यात्रा समित्यांनी मिळून श्रावणात फडांना बिनव्याजी रक्कम द्यावी आणि चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांतून ती परत घ्यावी. अट एकच ठेवावी : प्रत्येक कलावंताची, विशेषतः स्त्री कलावंताची उचल तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. परत आलेली रक्कम पुढच्या श्रावणात दुसऱ्या फडाला मिळेल. यात कुणाच्या गळ्यात हार पडणार नाही, छायाचित्र छापून येणार नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते आचरणात आणायला जुन्नरचा पावसाळा ही चांगली संधी आहे.