वामनदादांचा मक्ता

वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतील कित्येकांना ती कुणाची आहेत हे ठाऊक नसते. ‘अमक्या गायकाचे गाणे’ एवढीच त्यांची ओळख. आमच्या मारेगावातही १४ एप्रिलला कर्ण्यावरून येणारे गाणे ऐकणारा आधी आवाज ओळखतो. कवीची चौकशी क्वचितच होते.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मले आणि १५ मे २००४ रोजी गेले. शाळेचे शिक्षण नाही. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी, मुंबईत. ते स्वतः गावोगाव गात हिंडले, पण त्यांचा शब्द घरोघर पोचला तो दुसऱ्यांच्या गळ्यांतून, गायन पार्ट्यांतून आणि पुढे कॅसेटींतून. याची आम्ही तक्रार करीत नाही. जे गाणे वाचता न येणाऱ्यांसाठी लिहिले, त्याला दुसऱ्याचा गळा हवाच. आमचा प्रश्न वेगळा आहे: या प्रवासात कवीचे काय उरते?

उर्दू शिकविताना आम्ही मुलांना मक्ता समजावून सांगतो. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपले तखल्लुस गुंफतो. तुकोबांचे अभंग ‘तुका म्हणे’ने पुरे होतात, मुसलमान शाहीर सगनभाऊंची नाममुद्रा त्यांच्या लावण्यांत येते. वामनदादांचा ‘वामन’ याच बिरादरीतला. छापखाना नसतानाही कवीचे नाव टिकविण्याची ही जुनी सोय.

पण वामनदादांकडे ही केवळ सही नाही. ‘उद्धरली कोटी कुळे’ हेच गाणे पाहा. नावातच कोटींचा हिशेब आहे. अंतरेही तसेच मोठे: एका ज्योतीने पेटलेल्या असंख्य ज्योती, तुटलेले साखळदंड, मोकळे झालेले गुलाम. आणि अखेरच्या अंतऱ्यात एकच माणूस उभा राहतो. काल ज्याच्या जगण्याला कवडीची किंमत नव्हती आणि आज ज्याचे साऱ्या जगाशी नाते जुळले आहे, तो हा वामन. कोटींच्या उद्धाराची ग्वाही द्यायला कवीने स्वतःलाच साक्षीदार म्हणून आणले आहे. आधी सिद्धांत, मग पुरावा, अशी ही रचना आहे.

म्हणून वेळ कमी आहे असे म्हणून गायकाने हा अंतरा सोडला, तर कवीचे श्रेय जाते एवढेच नव्हे, गाण्याचा पुरावाच जातो. उरतो तो नुसता जयजयकार. उलट, गायक जेव्हा ‘वामन’ हा शब्द थांबून, स्पष्ट उच्चारतो, तेव्हा ते आयुष्य ऐकणाऱ्याला आपलेच वाटू लागते. गाणाऱ्याचा आवाज कुणाचाही असो, साक्ष वामनचीच राहते.

गायकांनी वामनदादांना कीर्ती दिली हे खरेच. त्यांनी आता एवढेच करावे: मक्ता गाळू नये. आणि ऐकणाऱ्यांनीही गाणे संपेपर्यंत उठू नये.