रचलेली भीती खोटी असते का?

विल्यम मॉर्टेन्सेन हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. जन्म १८९७, अमेरिकेतल्या युटाह राज्यात, मृत्यू १९६५. हॉलिवूडमध्ये सिनेमाची स्थिरचित्रं काढताना तो मुखवटे, वेशभूषा, रंगभूषा यांत मुरला. तिथं, आणि पुढं लगूना बीचला छायाचित्रणाची शाळा चालवताना, त्यानं चेटकिणी, छळाचे प्रसंग, राक्षस रचले. ‘रचले’ असं आम्ही मुद्दाम म्हणतो. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र त्याच्या लेखी कच्चा माल. तो ते खरवडायचा, गडद करायचा, त्यावर जाळीचा पोत आणायचा.

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एफ/६४’ हा गट उभा राहिला. त्यांचा आग्रह उलटा: भिंगाला दिसतं तेच, स्वच्छ आणि रेखीव. त्यांच्यातल्या अॅन्सेल अॅडम्सनं मॉर्टेन्सेनला ‘अँटिक्राइस्ट’, म्हणजे ख्रिस्ताचा वैरीच ठरवलं. पुढं छायाचित्रणाचे इतिहास लिहिले गेले, त्यात याला जवळजवळ जागाच उरली नाही.

पण रचलेली भीती खोटी असते का? आपल्याकडं भरतानं भयानक आणि बीभत्स हे रस मानले. रंगमंचावरचा राक्षस खरा नाही हे ठाऊक असतं, म्हणून तर आपण पळत नाही, बसून राहतो. मॉर्टेन्सेनही ‘हे घडलं’ असा दावा करत नाही. तेव्हा खोटेपणाचा आरोप आम्हांला मान्य नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. १९३७ च्या ‘द कमांड टू लुक’ या पुस्तकात तो म्हणतो, चित्रानं आधी दचकवावं: विजेसारखी तिरपी रेघ, सापासारखं वळण, पात्यासारखं टोक. मग विषयात गुंतवावं, आणि शेवटी बघणाऱ्याला सहभागी करून घ्यावं. ‘ह्यूमन रिलेशन्स’ (१९३२) मध्ये हे साधलंय. कुणाची तरी दोन बोटं एका चेहऱ्याच्या डोळ्यांत खुपसलेली. बघणारे आपण, आणि घाव डोळ्यांवरच. चेटकिणींच्या चित्रांत मात्र बऱ्याचदा विवस्त्र बाई पुढं असते, भीती मागच्या पडद्यासारखी. तिथं आपण भीत नाही. भिण्याचं निमित्त करून बघून घेतो.

म्हणजे त्याला वगळलं ते चुकीच्या कारणासाठी. योग्य कारणासाठी भांडायचं तर आधी चित्रं समोर हवीत. आणि भांडता भांडता स्वतःलाही विचारावं, बरं का: आपण खरंच दचकलो, की दचकल्यासारखं केलं?