बरं म्हणजे किती बरं?

मंत्रालयात ‘सार्वजनिक आरोग्य विभाग’ आहे. गावोगावी ‘प्राथमिक आरोग्य केंद्रं’ आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळ्यांच्या फोनमध्ये ‘आरोग्य सेतु’ येऊन बसलं. पण माझ्या गावात, श्रीगोंद्यात, ‘तुमचं आरोग्य कसं आहे?’ असं कुणी कुणाला विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. विचारलंच, तर समोरच्याला वाटेल हा विमा विकायला आलाय. लोक विचारतात, ‘तब्येत काय म्हणतेय?’ म्हणजे तब्येत बोलते आणि आपण तिचा निरोप सांगायचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सध्या ज्या ॲपवर काम चालू आहे त्याचा विषय हेल्थ. त्याच्या मराठी आवृत्तीची फाइल माझ्याकडे तपासायला आली, तेव्हा इंग्रजीत जिथे जिथे ‘हेल्थ’ होतं तिथे मराठीत ‘आरोग्य’ होतं. एकूण एक ठिकाणी. यात चूक काढता येत नाही, शब्दकोश भाषांतरकाराच्या बाजूने आहे. तरी मला तो शब्द नको होता, आणि का नको ते मीटिंगमध्ये दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे.

‘आरोग्य’ हा शब्द उघडून पाहिला तर आत ‘रोग’ आहे आणि त्याला जोडलेला नकार. रोग नसणं म्हणजे आरोग्य. ‘निरोगी’चंही तेच. गंमत म्हणजे रोग नाही हे स्वतःचं स्वतःला कधीच कळत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी तपासून सांगावं लागतं. त्यामुळे हा शब्द खात्याच्या पाटीवर शोभतो. तो तपासणाऱ्याचा शब्द आहे.

इतर भाषांनी वेगळ्या वाटा धरल्या. इंग्रजी ‘हेल्थ’ ‘होल’च्या घरातला आहे. माणूस अखंड, न तुटलेला असणं ही त्यामागची कल्पना. हिंदी-उर्दूतला ‘सेहत’ अरबीतून आला. तिथे त्याच्या मुळाशी ‘बिनचूक असणं’ हा अर्थ आहे आणि त्याच मुळापासून आपली ‘सही’ आली, कागदावर करतो ती. म्हणजे सेहत आणि सही सख्ख्या बहिणी. गोव्यात कोंकणीत आरोग्याला ‘भलायकी’ म्हणतात. भलेपणा, बस. त्यात रोगाचं नावही नाही.

आता ‘तब्येत’. तीही अरबीतून फारसीमार्गे आलेली. मूळ धातूचा अर्थ ठसा उमटवणं. छापण्याचे अरबी शब्दही त्यातूनच निघतात. तब्येत म्हणजे माणसावर उमटलेला त्याचा स्वतःचा ठसा, त्याचा स्वभाव. मराठीने हा शब्द घेतला आणि मनसोक्त वापरला. ‘तब्येत बिघडली’ म्हणजे आजार. ‘तब्येत कमावली’ म्हणजे तालमीत जाऊन दंड फुगवले. ‘तब्येत सुधारली बरं का तुमची’ म्हणजे तुम्ही जाड झालात (हे वाक्य लग्नात हमखास कानावर येतं). ‘तब्येतीत जेवला’ म्हणजे सावकाश, चवीने जेवला. ‘खुशतब्येत माणूस’ म्हणजे ज्याच्या सोबत बरं वाटतं असा. शरीर, वजन, मन, चव आणि वेळ हे सगळं एका शब्दात. हेल्थ ॲपवाले ज्याला ‘वेलनेस’ म्हणून पैसे लावून विकतात, ते आमच्याकडे या शब्दात फुकट बसलेलं होतं.

तिच्याबरोबर ‘मिजाज’ही आला होता. युनानी वैद्यकात मिजाज म्हणजे शरीरातल्या गुणांचं मिश्रण. उर्दूत अजूनही ‘मिजाज कैसे हैं?’ म्हणून खुशाली विचारतात. मराठीत त्याची ‘मिजास’ झाली. एकाच दारातून आलेल्या दोन शब्दांपैकी एकाला आपण घरात घेतलं आणि दुसऱ्याची शिवी केली. का, ते मला सांगता येणार नाही, पण मजा वाटते.

श्रीगोंद्याच्या माणसाला हे मिश्रण परकं वाटायचं कारण नाही. आमच्या गावची ओळख शेख महंमद महाराज. सोळाव्या-सतराव्या शतकातले, सूफी परंपरेतले आणि वारकऱ्यांनाही आपले वाटणारे. त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत. नगरच्या निजामशाहीच्या मुलखात दरबाराची फारसी आणि घरातली मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. आपले ‘आजार’, ‘इलाज’, ‘जखम’, ‘दवा’, ‘हकीम’ हे शब्द अशाच शेजारातून आलेले. दुखण्याची नावं एवढी फारसी-अरबी असताना पाटीवरचं ‘आरोग्य’ तेवढं संस्कृत राहिलं. सरकारलाही हे कळत असावं. २०२२ मध्ये मुंबईत पालिकेने वस्त्यांमध्ये छोटी केंद्रं उघडली, तेव्हा लोकांना आपलं वाटावं म्हणून नाव दिलं ‘आपला दवाखाना’. ‘आपलं आरोग्य केंद्र’ म्हटलं असतं तर कुणी तिकडे फिरकलं असतं का, मला शंका आहे.

‘प्रकृती’चा अर्थही स्वभावच. आयुर्वेद वात-पित्त-कफावरून माणसाची प्रकृती ठरवतो. संस्कृत आणि अरबी या दोन भाषा दोन वेगळ्या वाटांनी एकाच कल्पनेपाशी आल्या, की बरं असणं म्हणजे आपल्या स्वभावात असणं. पण मराठी वर्तमानपत्रांनी यात वर्गवारी करून ठेवली आहे. नेत्याची ‘प्रकृती अस्वस्थ’ होते, मग ‘स्थिर’ होते. विद्यार्थ्यांची विषबाधेने ‘तब्येत बिघडते’. खातं असतं ‘आरोग्य’. प्रकृती पुढाऱ्याची, तब्येत आपली, आरोग्य सरकारचं.

‘स्वस्थ’ शब्दाचं तर आपण काय करून ठेवलंय बघा. स्वतःमध्ये स्थित असलेला तो स्वस्थ. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाची जी व्याख्या आहे तिच्यात दोष, पचनाचा अग्नी, धातू हे सगळं सम असणं येतं आणि शिवाय आत्मा, इंद्रियं व मन प्रसन्न असणंही. हिंदीने हा शब्द सरळ आरोग्यासाठी घेतला, म्हणून दिल्लीत ‘स्वास्थ्य मंत्रालय’. मराठीत मात्र ‘स्वस्थ बस’ म्हणजे हालचाल करू नकोस. ‘अस्वस्थ’ म्हणजे आजारी नव्हे, तर ज्याच्या मनात काहीतरी खदखदतंय तो. हिंदीवरून मराठी केलेल्या ॲपमध्ये ‘क्या आप अस्वस्थ हैं?’चं ‘तुम्ही अस्वस्थ आहात का?’ होतं, तेव्हा आपल्या पिढीतला कुणीही प्रामाणिक माणूस ‘हो’ वर बोट ठेवेल.

पण मला खरं बोलायचंय ते ‘बरं’बद्दल.

‘कसं काय?’ ‘बरंय.’ हा संवाद महाराष्ट्रात दिवसातून किती वेळा होत असेल! आजारातून उठलेला माणूस ‘बरा होतो’. आणि सिनेमा फार चांगला नसेल, अगदी टाकाऊही नसेल, तर तोही ‘बरा असतो’. रोगमुक्तीला आणि कामचलाऊपणाला एकच शब्द. हा ‘बरा’ संस्कृत ‘वर’पासून आला, म्हणजे श्रेष्ठ, निवडून घ्यावा असा. लग्नातला वर तोच. कोंकणीत ‘बरें’ अजून चांगलं या अर्थाने टिकून आहे. ‘देव बरें करूं’ म्हणून आभार मानतात, तेव्हा देवाने कामचलाऊ करावं असं नक्कीच म्हणायचं नसतं. मराठीत मात्र शब्द घसरत घसरत ‘सर्वोत्तम’वरून ‘चालेल’वर आला.

आधी मला हे फार आवडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने (ती ७ एप्रिल १९४८ ला लागू झाली, म्हणून त्या दिवशी जागतिक आरोग्य दिन) आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे हे सांगितलं, ते चांगलंच केलं. पण पुढे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी ‘पूर्ण’ सुस्थिती हवी असंही म्हटलं. पूर्ण! या हिशेबाने पृथ्वीवर कुणीच निरोगी नाही. २०११ मध्ये मॅख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. जुनाट आजार घेऊनही माणसं नीट जगतात, तेव्हा परिस्थितीशी जुळवून घेत स्वतःचं स्वतः सांभाळता येणं याला आरोग्य म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. मी ते वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर ‘बरं चाललंय’. गोळ्या चालू आहेत, गुडघा कुरकुरतोय, पण बरं चाललंय.

ही हुशारी फार टिकली नाही. कारण ‘बरं’चा एक जोडीदार आहे, ‘अंगावर काढणं’. ताप अंगावर काढला, दुखणं अंगावर काढलं. शब्दात धीर आहे, कौतुकही आहे. आणि कुणाचं कौतुक ते पाहिलं तर बहुतेक वेळा बाईचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय सापडला. त्यांतल्या कितीजणींनी त्या दिवशी ‘बरंय’ म्हटलं असेल? मला वाटतं, जवळपास सगळ्यांनीच. ज्या बाईला आयुष्यभर दमल्यासारखंच वाटत आलंय, तिला न दमणं म्हणजे काय हे कुठून कळणार? तिथे ‘बरं’ खोटं बोलतं आणि तपासून सांगणारं ते परकं ‘आरोग्य’ खरं बोलतं.

आमच्या तालुक्यात साखर कारखाने आहेत. हंगामात टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या पडतात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल आधीच घेतलेली असते, आणि आजारी पडून दिवस चुकला तर त्याला आजार म्हणत नाहीत, ‘खाडा’ म्हणतात. खाड्याचे पैसे कापले जातात. तब्येतीची एवढी मोठी शब्दसंपत्ती असलेल्या भाषेत दुखण्याचा शेवटी एकच शब्द उरतो, आणि तोही हजेरीवहीतला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बातम्यांत ‘गर्भाशय’ होतं. बायका म्हणतात ‘पिशवी’. ‘पिशवी खराब झालीय’, ‘पिशवी काढून टाकली’. घरगुती शब्द, लाज झाकणारा, म्हणून सोयीचा. पण पिशवी खराब झाली की टाकूनच देतात. गर्भाशय काढायचं का, यावर दोनदा विचार होऊ शकतो. पिशवीबद्दल कोण विचार करणार? लोकांच्या भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी (माझ्यासकट) हा शब्द जरा वेळ तोंडात धरून पाहावा.

मग उपाय काय, सगळ्यांना ‘आरोग्य’ शिकवायचं? आमच्याच जिल्ह्यात, कर्जत ओलांडून पुढे जामखेडला, याचं एक उत्तर पन्नास वर्षांपूर्वी शोधलं गेलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांना आधी हवं होतं पाणी आणि धान्य, १९७२ चा दुष्काळ तर समोरच येऊन ठाकला. आरोळ्यांनी ‘तो आमचा विषय नाही’ असं म्हटलं नाही, पाण्यापासून सुरुवात केली. आणि गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून शिकवलं. मुलाचं वजन करणं, बाळंतपण, पाण्यातून होणारे आजार, सगळं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने त्या कामाचा भाषेपुरता अर्थ असा, की वजनकाटा दवाखान्याचा आणि तो धरणारी बाई गल्लीतली. शेजारीण ‘बरंय’ म्हणाली तर हिला त्यातलं ‘बरं’ किती ते ऐकू येतं, कारण हीसुद्धा तेच म्हणत आलेली असते.

ॲपला हे ऐकू येत नाही. आमच्या पहिल्या स्क्रीनवर ‘आज तुम्हाला कसे वाटत आहे?’ असा प्रश्न आणि पाच गोल चेहरे आहेत. मराठीत तापाआधीच्या पायऱ्या आहेत, कणकण, मग कसकस, मग माणूस फणफणतो. थर्मामीटर लावायच्या आधी आईला त्यातली पायरी कळते. ‘अंग मोडून आलंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘करमत नाही’ यांतलं एकही त्या पाच चेहऱ्यांत बसत नाही. गावातले जुने डॉक्टर ‘कसं वाटतंय’ असं विचारतही नाहीत. नाडी धरतात आणि म्हणतात, ‘काय होतंय?’ उत्तर येतं, ‘कसंतरी होतंय.’ चांगला डॉक्टर इथे थांबत नाही, इथून सुरू करतो. कधीपासून, जेवल्यावर की उपाशी, झोप लागते का, घरी काय झालंय. घाईतला डॉक्टर केसपेपरवर ‘जी.सी. फेअर’ लिहितो. जनरल कंडिशन फेअर, म्हणजे पुन्हा ‘बरंय’च, फक्त इंग्रजीत.

तपासून परत पाठवलेल्या फाइलमध्ये मी तीन बदल सुचवले. मथळ्यात ‘तुमची तब्येत’. रिपोर्टच्या पानावर ‘आरोग्य’ तसंच राहू द्यावं, तिथे आकडे आहेत आणि तिथे तोच शब्द हवा. आणि चेहऱ्यांच्या खाली एक रिकामा रकाना, ‘काय होतंय?’, बोलून भरता येईल असा. पहिले दोन मान्य झाले. तिसऱ्यावर उत्तर आलं, की मोकळ्या मजकुराचा आलेख काढता येत नाही. त्यावर मी लिहिलंय, की आलेख काढू नका, कणकण, कसकस, पिशवी, चक्कर हे शब्द आले तर निदान पुढचा प्रश्न तरी विचारा. अशा शब्दांची यादी मी आई आणि आत्याकडून जमवते आहे. आतापर्यंत त्रेसष्ट झालेत, आणि आत्या म्हणते ही तर नुसती पोटाची झाली.