आफ्रिकेंतील वार्ताहरांचें शिक्षण

आफ्रिकेंतील पत्रकारांना प्रजननविषयक हक्क आणि परराष्ट्रनीति ह्या विषयांवर लिहिण्यास शिकविण्याचे प्रयत्न कित्येक वर्षें चालू आहेत. एक विषय प्रसूतिगृहांतला, दुसरा राजदूतांच्या बैठकींतला. मग ते एकत्र कां शिकवावे, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे.

त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. १९८४ सालीं मेक्सिको शहरीं भरलेल्या लोकसंख्या-परिषदेंत अमेरिकेनें एक धोरण जाहीर केलें. कुटुंबनियोजनासाठीं अमेरिकेचें द्रव्य घेणाऱ्या परदेशी खाजगी संस्थेनें कुटुंबनियोजनाचा उपाय म्हणून गर्भपात करूं नये व त्याचा पुरस्कारहि करूं नये. स्वतःच्या पैशानेंहि नाहीं. हें धोरण १९९३ मध्यें रद्द झालें, २००१ मध्यें परत आलें, २००९ मध्यें गेलें, २०१७ मध्यें हिंवताप, एड्स इत्यादि रोगांवरील साह्यालाहि लागू होऊन आलें, २०२१ मध्यें गेलें आणि २०२५ मध्यें पुन्हा आलें. २००१ नंतर केनियाच्या कुटुंबनियोजन संघानें ही अट नाकारली, तेव्हां साह्य गमावल्यामुळें त्याला आपले कांहीं दवाखाने बंद करावे लागले. वॉशिंग्टनच्या निवडणुकीचा निकाल तिकडील बाईला दवाखान्याच्या कुलपावरून कळावा, असा हा प्रकार आहे. हुकुमापासून कुलपापर्यंतचा हा धागा उकलून दाखविणें हेंच वार्ताहराचें खरें काम होय.

आमच्या मतें ह्या शिक्षणाची परीक्षा तीन ठिकाणीं होते. पहिलें ठिकाण कायद्याचें. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेचें २६ वें कलम गर्भपाताला मनाई करतें. परंतु प्रशिक्षित वैद्यकाच्या मतें तांतडीच्या उपचारांची गरज असेल, किंवा मातेच्या जिवाला वा आरोग्याला धोका असेल, तर तेंच कलम मोकळीक देतें. ‘गर्भपात हा गुन्हा आहे’ एवढेंच लिहिणारा वार्ताहर अर्धें सत्य लिहितो, आणि तें अर्धें सत्य ऐकून रक्तस्रावानें कासावीस झालेली स्त्री भीतीनें घरींच पडून राहूं शकते.

दुसरें ठिकाण भाषेचें. स्वाहिलींत ‘कुतोआ मिंबा’ म्हणजे गर्भ काढणें; आपोआप गर्भ नासणें ह्याला निराळा शब्दप्रयोग आहे. मराठींत दोहोंनाहि आपण ‘गर्भपात’ म्हणतों, म्हणून ह्या भेदाचें मोल आपणांस लौकर पटावें. इंग्रजी पत्रक समोर ठेवून घाईनें भाषांतर करणारा लेखक दुःखी मातेला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करील.

तिसरें ठिकाण कार्यकारणाचें. २०१९ मध्यें ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ ह्या नियतकालिकांत आफ्रिकेंतील २६ देशांचा १९९५ ते २०१४ ह्या काळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या साह्यावर अधिक अवलंबून असलेल्या देशांत हें धोरण लागू असतांना गर्भपात सुमारें ४० टक्क्यांनीं वाढले आणि आधुनिक संततिनियमनाच्या साधनांचा वापर १४ टक्क्यांनीं घटला, असें त्यांत आढळलें. गर्भपात रोखूं पाहणाऱ्या धोरणाच्या काळांत तेच वाढावे, ह्याचा उलगडा सोपा आहे: संततिनियमनाचीं साधनें पुरविणाऱ्या संस्थांचाच पैसा तुटला. हें विधान तुलनेवर उभें आहे, हें समजल्याखेरीज वार्ताहरानें तो आंकडा मथळ्यांत घालूं नये.

एक भय मात्र आम्हांस वाटतें. ह्या शिक्षणाचा खर्चहि पुष्कळदा परकीयच करतात. खाल्ल्या मिठाला जागणें हा इतरत्र गुण असेल. पत्रकाराच्या ठायीं तो दोष होय. धर्मबुद्धीनें गर्भपाताला विरोध करणारे आफ्रिकन लोक परक्यांच्या हातचीं बाहुलीं आहेत असें मानून चालणारा लेखक त्यांचें ऐकतच नाहीं. मग त्याचें त्यांनीं कां ऐकावें? एकाच्या पैशानें दवाखान्याचें तोंड बांधलें, दुसऱ्याच्या पैशानें लेखणीचें बांधलें, असें झालें तर त्या स्त्रीच्या पदरांत कांहींच पडणार नाहीं. जो वर्ग संपवून निघालेला वार्ताहर आपल्या शिक्षकालाहि अडचणीचा प्रश्न विचारील, तोच वर्ग सफल झाला असें आम्ही समजूं.