मागोमाग न चालणारी : ‘स्मृतिचित्रे’तील ‘मी’

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या आत्मचरित्राचा गौरव मराठी समीक्षेने बहुधा एकाच सुरात केला आहे : शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने एवढे लिहावे! या कौतुकात लेखिकेचे मोल तिने कापलेल्या अंतरावरून ठरते. हे माप मुळात या पुस्तकालाच मान्य नाही.

पुस्तकाचा उगम तसा दुय्यम. नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहू पाहणाऱ्या मुलासाठी आईने आठवणी लिहून काढल्या. मात्र रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ (१९१०) शेजारी ठेवल्यावर त्यांचे वेगळेपण जाणवते. रमाबाईंचे सार्वजनिक कर्तृत्व निर्विवाद मोठे. तरीही त्यांच्या आठवणी १९०१ साली, न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबतात आणि त्यांतील ‘मी’चे सुखदुःख पतीच्या प्रसन्नतेशी बांधलेले राहते. १९१९ साली टिळक गेल्यावरही ‘स्मृतिचित्रे’ चालूच राहते.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई सधवा असूनही पतीला पारख्या झाल्या. भोवती नातलगांची दया होती, समाजाची नजर होती. पुढे पतीकडे परतल्यावरही स्वयंपाकपाण्याचे सोवळे त्यांनी सांभाळले. पतीला आवडेल म्हणून ते सोडले नाही. सोडायचे ठरले तेव्हा आप्तांना काय वाटेल म्हणून अडूनही राहिल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, एवढे मनाला पटले आणि तो गळून पडला; बाप्तिस्मा त्यानंतरचा. येथे दुसरी एखादी लेखिका विजयाचा स्वर लावती. लक्ष्मीबाई वडिलांच्या, धान्यसुद्धा धुऊन घेणाऱ्या सोवळ्याची हकीकत ज्या मिस्किलपणे सांगतात, त्याच मिस्किलपणे स्वतःचीही सांगतात.

त्यांच्या विनोदाला ‘निरागस’ म्हणण्याची प्रथा आहे, ती सोडावी. आपली फजिती सांगताना त्या वाचकाची क्षमा मागत नाहीत, कौतुकही मागत नाहीत. हाती आलेला पैसा वाटून मोकळे होणारे, क्षणात संतापणारे टिळक त्यांच्या लेखणीतून देवही होत नाहीत आणि आरोपीही होत नाहीत. या वृत्तीची किंमत पुस्तकाला कोठे कोठे मोजावी लागली आहे. सासऱ्यांचा जाच किंवा विरहाची वर्षे यांत हसू फार लवकर येते आणि दुःख अर्धवट उघडे राहते. तेथे थोडे अधिक थांबावयास हवे होते.

जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० सालच्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. त्यात पौलाच्या पत्राचा ध्वनी ऐकू येतो हे खरे. पण ‘मी मागोमाग येते’ हा साधा अर्थच आधी कानावर पडतो. शांता गोखले यांनी २०१७ साली मूळ शीर्षक राखले. उपशीर्षकात मात्र तेजस्वी का होईना, ‘पत्नी’ आलीच.