परवानगीने राहणारी माणसे

बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेविषयी आपल्या समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. विद्रोह, नकार, माणूसपणाचा उच्चार ह्या अंगांनी ती वाचली गेली आणि ते योग्यच झाले. मीही गेली आठ वर्षे ती वर्गात ह्याच अंगांनी शिकवीत आलो. परंतु ह्या कथेच्या मुळाशी एक अगदी साधी गरज आहे, तिकडे माझे पुरेसे लक्ष गेले नव्हते. नोकरी लागलेल्या तरुणाला राहायला खोली हवी आहे. उधन्याला रेल्वेत रुजू झालेला हा तरुण जात सांगत नाही, त्याला खोली मिळते, आणि पुढचे सारे त्यातून घडते. नोकरी सरकारने दिली. खोली मात्र समाजाकडेच मागावी लागली. ही खोलीची कथा आहे, हे मला खराडीत भाड्याने घर घेतल्यावर उमगले.

बागुलांच्या ह्या तरुणाच्या पाठीशी एक थोर पूर्वज उभा आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत दीड रुपया रोजाने ते राहिले. तेही पारशी नाव लावून, कारण तिथल्या नोंदवहीत पारशी नाव असल्याखेरीज राखणदाराला जागा देता येत नव्हती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. आपण काठ्या लक्षात ठेवल्या, नोंदवही विसरलो. माझ्या मते ह्या प्रसंगाचे मर्म नोंदवहीत आहे. राखणदार दुष्ट नव्हता. त्याला भाडे हवे होते आणि वहीत बसेल असे एक नाव हवे होते. माणूस आणि घर यांच्या मध्ये एक कागद असतो, आणि त्या कागदाच्या मापाचे होऊन माणसाला आत जावे लागते.

आता खराडीकडे येतो. मुळा-मुठेच्या काठचे, हवेली तालुक्यातले हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. पुढे ईऑन आयटी पार्क आले, वर्ल्ड ट्रेड सेंटर आले, आणि शेतांच्या जागी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. ह्या टॉवरांतली बरीच घरे विकत घेणारे स्वतः तिथे राहत नाहीत. ती भाड्याने देण्यासाठीच घेतलेली असतात. माझ्या पत्नीची नोकरी इथल्या एका कंपनीत. म्हणून आम्ही इथे घर शोधू लागलो. पहिल्या घराच्या मालकाने एजंटमार्फत आमचे आडनाव विचारले आणि दुसऱ्या दिवशी घर 'नात्यातल्या माणसाला' दिले गेले. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी आम्ही काय खातो ते विचारले, मग गाव विचारले, मग गावात घर कोणत्या बाजूला असे विचारले. तिसऱ्या ठिकाणी काहीच विचारले नाही. फोन उचलणेच बंद झाले.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांची पाहणी करून २०१५ साली ती प्रसिद्ध केली. दलित आणि मुस्लिम घर मागणाऱ्यांना नकार मिळतो, किंवा होकार मिळाला तरी जाचक अटींसह मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले.

अखेर आम्हाला घर मिळाले ते एका नव्या टॉवरमध्ये. ह्या इमारतीची तऱ्हा वेगळी आहे. इथली घरे विकलेलीच नाहीत. सारी घरे एकाच्याच मालकीची, ती भाड्याने देण्याचे आणि इमारत चालवण्याचे काम एका व्यवस्थापन कंपनीकडे. घरमालक नावाचा माणूस इथे दिसत नाही. तळमजल्यावर एक ऑफिस आहे, तिथे एक तरुण मुलगी आणि एक फॉर्म. फॉर्ममध्ये नाव, कायमचा पत्ता, आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, राहणाऱ्यांची संख्या. जातीचा रकाना नाही. वन बीएचकेला दरमहा सव्वीस हजार भाडे आणि तीन महिन्यांची अनामत. दोन दिवसांत किल्ली हातात आली. मला हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे की त्या दिवशी मला हायसे वाटले. जिथे माणूस विचारतो तिथे नकार. जिथे कागद विचारतो तिथे होकार. भांडवलाने जात पुसली असे म्हणणाऱ्या मित्रांना त्या दिवशी मी पुरावा म्हणून चाललो असतो.

मग करारनामा हाती आला. मी साहित्याचा शिक्षक. हातात आलेला मजकूर वाचल्याशिवाय सही करवत नाही. हा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा. भाडेकरू हा शब्द त्यात शोधून सापडत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे. तिचा आशय असा: दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करण्याची अशी मुभा, की ती नसती तर ते करणे बेकायदा ठरले असते, आणि ह्या मुभेने त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजे मी ह्या घरात झोपतो, स्वयंपाक करतो, मुलीचा अभ्यास घेतो, ते परवानगी आहे म्हणून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ह्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते; कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीसाठी घरी माणूस येतो आणि यंत्रावर अंगठा घेतो. माझ्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला होता. एम. ए. झालेल्या नातवानेही अंगठाच उठवला.

ह्या व्यवस्थेला कारण आहे, हे नाकारता येणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, भाडेकरू पिढ्यान् पिढ्या निघेनात, मालकांनी घरे कुलूपबंद ठेवली; त्यातून हा लायसन्सचा मार्ग रूढ झाला. सवर्ण भाडेकरूही हाच कागद सही करतो. परंतु तो सही करून विसरतो. मला विसरता आले नाही, कारण परवानगीने राहणे म्हणजे काय हे आमच्या घराला ठाऊक आहे. गावात आमचा राजवाडा गावाच्या परवानगीने होता. वतनाची जमीन कामाच्या बदल्यात होती. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, पण त्या विकायच्या तर सरकारची परवानगी लागते. खराडीच्या समोर, नदीपलीकडे मुंढव्यात महार वतनाची सुमारे चाळीस एकर जमीन आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्या विक्रीचा व्यवहार गाजला आणि त्याची चौकशी लागली. माझ्या गॅलरीतून मुंढव्याकडची बाजू दिसते. एका काठाला वतन, दुसऱ्या काठाला लायसन्स. दोन्हीकडे आपला माणूस जमिनीवर आहे, आणि दोन्हीकडे जमीन त्याची आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.

करारासोबत नियमांचे एक वेगळे पुस्तक आहे. त्यात एक नियम: घरकाम करणाऱ्या बाया, सामान पोचवणारे आणि सफाई कामगार यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. दुसरा नियम: भिंतीला खिळा ठोकू नये, ठोकल्यास दुरुस्तीचा खर्च अनामतीतून वळता केला जाईल. दोन्ही नियमांत जातीचे नाव नाही. दोन्ही नियमांनी माझ्या घरात जात आणली.

दिवाळीनंतर आई गावाहून आली. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. मी कॉलेजात होतो. वॉचमनने तिला पाहिले आणि सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवले. त्याने तिला जात विचारली नाही, गाव विचारले नाही. विचारण्याची गरजच पडली नाही. संध्याकाळी मला हे कळले तेव्हा मी खाली जायला निघालो. आई म्हणाली, "कशाला भांडतो रं? कामाच्या बाया होत्या की लिफ्टात, बोलायला सोबत झाली." तो वॉचमन कंत्राटदाराकडे बारा-बारा तास उभा राहणारा, माझ्याच भावकीतला शोभावा असा पोरगा होता. त्याच्यावर मी काय ओरडणार? नियम त्याने केला नव्हता. नियम कुणी केला हे तळमजल्यावरच्या ऑफिसातही कुणाला सांगता आले नाही.

मग आईने भिंतीकडे पाहिले. "बाबासाहेब कुठं लावलं?"

बाबासाहेबांची तसबीर कपाटात, साड्यांच्या खाली होती. मी आईला खिळ्याचा नियम सांगितला. ती काही बोलली नाही. पण मला माझे कळले. नियम वाचला त्या दिवशी मला बरे वाटले होते. तसबीर न लावण्याचे कारण कुणीतरी छापून माझ्या हातात दिले होते. बागुलांच्या तरुणाला जात चोरताना भीती होती, राग होता, छातीत धडधड होती. मला यातले काही लागले नाही. माझ्यासाठी ती चोरी व्यवस्थापनाने करून दिली आणि मी सही केली.

इथे कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, जो १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे गुन्हा ठरवले आहे. कायदा चांगला आहे. पण त्याला कारण सिद्ध व्हावे लागते, आणि आजचा नकार कारण उच्चारीत नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्या खटल्यात दलितांचा प्रश्न नव्हता, हे खरे. तरीही बडोद्याच्या धर्मशाळेपासून त्या निकालापर्यंत एक रेषा मला दिसते: माणसांनी आपसांत केलेला कागद संविधानाच्या दाराशी थांबतो आणि आत जाण्यास नकार देतो.

आता आपल्या साहित्याकडे वळतो, कारण माझी मूळ तक्रार तिथे आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) कावाखाना आठवा. बाबासाहेब ज्यात अनेक वर्षे राहिले ती परळची इंप्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ आठवा. त्या घरांत आडोसा नव्हता, पाणी नव्हते, हवा नव्हती. पण माणसाला स्वतःला लपवावे लागत नव्हते. टॉवरमध्ये आडोसा आहे आणि लपणेही आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिकून नोकरीला लागलेली आपली एक पिढी ह्या घरांत राहायला गेली. तिच्या जगण्याचे चित्र आपल्या कथा-कवितेत कुठे आहे? आपल्या कवितेत टॉवर येतो तो लांबून, खालून, श्रीमंतांचे प्रतीक म्हणून. कथेत घरमालक येतो तो अजून दारात उभा राहून जात विचारतो. असा घरमालक आजही आहे, मला तो तीनदा भेटला. परंतु ज्याला चेहराच नाही, जो फक्त फॉर्म, करार, नियमपुस्तक आणि लिफ्ट ह्यांतून बोलतो, त्याला आपण अजून शब्दांत पकडलेले नाही. प्रस्थापित समीक्षक म्हणतील, करारनाम्यात कसले साहित्य? ज्यांची घरे वाडवडिलांपासून आहेत त्यांना ते दिसणार नाही. आपण आजवर गावकूस वाचले, पाणवठा वाचला, पंगत वाचली. तशीच लायसन्सची कलमे वाचावी लागतील.

आणि लिहिताना स्वतःला वगळता येणार नाही. कपाटातली तसबीर लिहावी लागेल. सर्व्हिस लिफ्टमधली आईही लिहावी लागेल, आणि आईला 'पुढच्या वेळी मला फोन कर, मी खाली येईन' असे सांगणारा मुलगाही. त्याला ती लिफ्ट बंद करायची नव्हती, फक्त आपली आई तिच्यातून काढायची होती. तो मुलगा मी आहे. बागुलांच्या कथेतला मार आपल्या पिढीला बसला नाही म्हणून आपण सुटलो, असे मानण्यात आत्मवंचना आहे.

आई परत जाण्याआधी मी खिळा ठोकला. यात शौर्य काही नाही. फार तर अनामतीतून काही रुपये कापले जातील. सर्व्हिस लिफ्टच्या नियमाविरुद्ध लेखी अर्ज दिला आहे; अजून उत्तर नाही. त्यावर सही करायला शेजारच्या मजल्यांवरची दोन घरे तयार झाली, त्यांतले एक आपले निघाले. दोन वर्षे ते ह्याच इमारतीत राहत होते. त्यांचीही तसबीर कपाटात होती.